नियंत्रक-संश्लेषण, स्वयंचलित

एखाद्या यंत्राचे वा प्रक्रियेचे गणितीय प्रतिमान आणि त्याच्याकडून अपेक्षित असलेले वर्तन ही दोन्ही दिली असता ते वर्तन निश्चितपणे घडवून आणणारा नियंत्रक गणिती रीतीने व शक्य तो मानवी हस्तक्षेपावाचून तयार करणे, यास ‘स्वयंचलित नियंत्रक-संश्लेषण’ म्हणतात. तयार असलेला नियंत्रक योग्य आहे की नाही हे तपासणे म्हणजे विश्लेषण होय. संश्लेषणात या प्रश्नाची दिशा उलट असते. अपेक्षा आधी मांडावयाची, तिच्यावरून नियंत्रक काढावयाचा आणि तसा नियंत्रक अस्तित्वातच नसेल, तर तेही सिद्ध करावयाचे, असा हा तिहेरी उद्देश आहे. या विषयाचा विकास दोन स्वतंत्र परंपरांत झाला. नियंत्रण अभियांत्रिकीची परंपरा अवकल समीकरणांची, तर संगणक विज्ञानाची परंपरा तर्कशास्त्राची आहे. सु. 1960 ते 1990 या काळात दोन्ही परंपरा बव्हंशी एकमेकींच्या नकळत वाढल्या. त्यांच्यातील साम्य लक्षात आल्यावर जे संशोधन सुरू झाले, त्याला विमाने, लोहमार्ग, स्वयंचलित वाहने व यंत्रमानव यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने विशेष महत्त्व आले आहे.

नियंत्रण अभियांत्रिकीची परंपरा : जेम्स वॉट (1736–1819) यांनी 1788 मध्ये वाफेच्या एंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गतिनियंत्रक जोडला. एंजिनाचा वेग वाढला म्हणजे गोळे बाहेरच्या बाजूस फेकले जात आणि त्यांना जोडलेली झडप वाफेचा पुरवठा कमी करी. वेग मंदावला म्हणजे याच्या उलट क्रिया होई. परिणामाची माहिती कारणाकडे परत पोहोचविण्याच्या या तत्त्वाला पुनःप्रदाय म्हणतात. तथापि अनेक एंजिनांत हा नियंत्रकच वेगाला स्थिर न ठेवता वरखाली झुलवीत राही. या दोषाची गणिती चिकित्सा जेम्स क्लार्क मॅक्सवेल (1831–79) यांनी 1868 मध्ये केली. यंत्र व नियंत्रक यांचे एकत्रित अवकल समीकरण मांडून त्याच्या बीजांचे वास्तव भाग ऋण असतील, तरच गती स्थिर राहते, असे त्यांनी दाखविले. कोणत्याही घाताच्या समीकरणासाठी याची कसोटी एडवर्ड राउथ (1831–1907) यांनी 1877 मध्ये आणि आडोल्फ हुर्व्हिट्स (1859–1919) यांनी स्वतंत्रपणे 1895 मध्ये दिली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाजांचे सुकाणू व दूरध्वनीचे विवर्धक यांनी या विषयाला चालना दिली. निकोलाय मिनोर्स्की (1885–1970) यांनी 1922 मध्ये जहाजाच्या दिशानियंत्रणाचे विवेचन करताना विचलन, त्याचा संकलित परिणाम व त्याच्या बदलाचा दर या तीन राशींवर आधारलेला नियंत्रक मांडला. आजही बहुसंख्य औद्योगिक नियंत्रक याच प्रकारचे असतात. हॅरल्ड ब्लॅक (1898–1983) यांचा ऋण पुनःप्रदायाचा विवर्धक (1927) आणि त्याच्या स्थैर्याची हॅरी नायक्विस्ट (1889–1976) यांनी दिलेली कसोटी (1932) हे पुढील टप्पे होत. या काळापर्यंत नियंत्रकाची रचना अभियंता अनुभवाने व आलेखांच्या साहाय्याने करी आणि गणित ती रचना केवळ तपासून देई.

हे चित्र बदलले ते ‘सर्वोत्तम’ या शब्दाला नेमका अर्थ प्राप्त झाल्यावर. नॉर्बर्ट वीनर (1894–1964) यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्रुटीच्या वर्गाची सरासरी लघुतम करणारा छानक गणिताने काढून दाखविला. त्यानंतर सोव्हिएट रशियात ल्येफ पाँत्र्यागिन (1908–88) व त्यांचे सहकारी यांनी महत्तम तत्त्व मांडले, तर अमेरिकेत रिचर्ड बेलमन (1920–84) यांनी गतिक प्रायोजन ही पद्धती विकसित केली. रूडॉल्फ कालमान (1930–2016) यांनी 1960 मध्ये अवस्था-अवकाशाची भाषा रूढ केली. रेषीय प्रणाली आणि वर्गात्मक खर्च एवढे दिले, की रिकाटी समीकरण सोडवून नियंत्रक सरळ हाती येतो, असे त्यांच्या कार्यावरून सिद्ध झाले. प्रतिमानातील अनिश्चिततेला दाद न देणाऱ्या दृढ नियंत्रकाचा प्रश्न जॉर्ज झेम्स (1934–97) यांनी 1981 मध्ये मांडला. त्याचे अवस्था-अवकाशातील उत्तर 1989 मध्ये चार संशोधकांनी मिळून प्रसिद्ध केले. त्यांपैकी प्रमोद खरगोणेकर हे मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेचे पदवीधर होत.

तर्कशास्त्राची परंपरा : संगणक विज्ञानातील संश्लेषणाचा उगम तर्कशास्त्रज्ञ अलोंझो चर्च (1903–95) यांनी 1957 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील एका अभ्याससत्रात विचारलेल्या प्रश्नात आहे. विद्युत् मंडलात शून्य व एक या चिन्हांची अखंड मालिका आत येते आणि तशीच मालिका बाहेर पडते. या दोन मालिकांतील अपेक्षित संबंध तर्कशास्त्राच्या भाषेत दिला असता ती अपेक्षा पुरी करणारे मंडल शोधण्याची यांत्रिक रीत आहे काय, असा तो प्रश्न होता. यातील मर्म एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होते. ‘बाहेर पडणारे चिन्ह पुढच्या क्षणी आत येणाऱ्या चिन्हाएवढे असावे’, ही अपेक्षा तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. प्रत्येक आगत मालिकेला अनुरूप अशी निर्गत मालिका असते. परंतु असे मंडल बनविता येणार नाही, कारण त्यासाठी भविष्याचे ज्ञान हवे. अपेक्षा सुसंगत असणे वेगळे आणि ती साध्य असणे वेगळे, हा भेद या परंपरेने प्रथम नेमकेपणाने मांडला.

चर्च यांच्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर यूलियुस रिखार्ट ब्यूखी (1924–84) आणि लॉरेन्स लँडवेबर यांनी 1969 मध्ये दिले. याच सुमारास मायकेल राबिन यांनी अनंत वृक्षांवर चालणाऱ्या स्वयंयंत्रांच्या साहाय्याने दुसरा मार्ग दाखविला. या सिद्धतांमागची कल्पना खेळाची आहे. एका बाजूस नियंत्रक व दुसऱ्या बाजूस परिस्थिती असे दोन खेळाडू आळीपाळीने चाल करतात. परिस्थितीने कशीही चाल केली, तरी अपेक्षा पाळली जाईल, अशी डावपेचांची रीत म्हणजेच नियंत्रक होय. मात्र या रीतींना लागणारे गणनश्रम इतके अफाट होते, की सु. वीस वर्षे त्या केवळ सैद्धांतिक राहिल्या.

अमीर प्नुएली (1941–2009) यांनी 1977 मध्ये आज्ञावलींच्या वर्तनासाठी कालिक तर्कशास्त्राचा पुरस्कार केला. ‘नेहमी’, ‘केव्हातरी’, ‘तोपर्यंत’ यांसारख्या कारकांनी अपेक्षा लिहिण्याची सोय त्यामुळे झाली. याच भाषेत एडमंड क्लार्क (1945–2020) व ॲलन एमर्सन (1954–2024) यांनी 1981 मध्ये आज्ञावलींचे सांगाडे आपोआप तयार करण्याची रीत मांडली. परंतु तीत परिस्थिती प्रतिस्पर्धी मानलेली नव्हती. ती उणीव प्नुएली आणि रोनी रोझ्नर यांनी 1989 मध्ये भरून काढली. सर्वसाधारण प्रश्नाला लागणारे श्रम अपेक्षेच्या लांबीच्या द्विघातांकी प्रमाणात वाढतात, हेही त्यांनी सिद्ध केले. पुढे 2006 मध्ये नीर पीटरमन, प्नुएली व यानिव साअर यांनी अपेक्षांचा एक मर्यादित पण व्यवहारोपयोगी वर्ग निवडला. त्यात श्रम अवस्थासंख्येच्या घनाच्या प्रमाणातच लागतात. या निष्कर्षामुळे संश्लेषण प्रत्यक्ष वापराच्या आवाक्यात आले.

विविक्त घटनांचे नियंत्रण : दोन परंपरांमधील पहिला सेतू नियंत्रण अभियंत्यांच्या बाजूने बांधला गेला. टोराँटो विद्यापीठातील मरी वॉनम (1934–2023) व त्यांचे विद्यार्थी पीटर रॅमेज यांनी 1987 मध्ये ‘पर्यवेक्षी नियंत्रणा’चा सिद्धांत प्रसिद्ध केला. कारखान्यातील यंत्र सुरू होणे, बंद पडणे, माल पुढे सरकणे या सुट्या सुट्या घटना आहेत; त्यांना अवकल समीकरणे लागू पडत नाहीत. म्हणून त्यांनी प्रणाली ही स्वयंयंत्राच्या रूपात मांडली आणि घटनांचे दोन वर्ग केले. यंत्र सुरू करण्यासारख्या घटना नियंत्रकाला रोखता येतात. यंत्र बिघडण्यासारख्या घटना रोखता येत नाहीत. पर्यवेक्षकाने फक्त मनाई करावयाची असते, आणि जेवढी मनाई अटळ आहे तेवढीच करणारा, म्हणजे प्रणालीला जास्तीत जास्त मोकळीक देणारा पर्यवेक्षक एकमेव असतो, हा या सिद्धांताचा मुख्य निष्कर्ष होय.

रोखता न येणारी घटना ही संगणक विज्ञानातील प्रतिस्पर्ध्याची चालच आहे, हे साम्य उघड असूनही दोन्ही संप्रदायांची परिभाषा, परिषदा व नियतकालिके दीर्घकाळ निराळी राहिली. या दोहोंची पद्धतशीर तुलना रूडिगर एलर्स, स्टेफान लाफोर्च्यून, स्टाव्हरोस त्रिपाकिस व मोशे वार्डी यांनी केली. त्यांचा विस्तृत प्रबंध 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यवेक्षी नियंत्रणाचा मूळ प्रश्न संश्लेषणाच्या भाषेत रूपांतरित करता येतो, असे त्यांनी दाखविले. त्याचबरोबर खरे भेदही त्यांनी निश्चित केले. प्रणाली कोठूनही इष्ट अवस्थेला पोहोचू शकली पाहिजे, ही पर्यवेक्षी नियंत्रणातील ‘अनवरोधा’ची अट एकरेषीय कालिक तर्कशास्त्रात व्यक्त करता येत नाही, कारण ती एका वाटचालीविषयी नसून शक्य असलेल्या वाटांविषयी आहे. उलटपक्षी, कमाल मोकळीक देणारा एकमेव नियंत्रक सर्वसाधारण संश्लेषणात असेलच असे नाही. ‘केव्हातरी घडावे’ अशी अपेक्षा आली, की ‘किती लांबवावे’ याला शेवटची मर्यादा उरत नाही.

दोन परंपरांमधील दरी : अभियंत्याने समीकरण सिद्ध केले आणि आज्ञावलीकाराने आज्ञावली तपासली, तरी दोहोंच्या सांध्यावर चूक राहू शकते. याचे ठळक उदाहरण म्हणजे 4 जून 1996 रोजी फ्रेंच गियानातील कूरू येथून सुटलेल्या ‘आरियान 5’ या अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणाचा नाश. आधीच्या ‘आरियान 4’ या अग्निबाणाच्या दिशामापक यंत्रणेची आज्ञावली यात तशीच वापरली होती. तीत आडव्या वेगाशी निगडित असलेली एक राशी 64 द्विमान अंकांच्या रूपातून 16 द्विमान अंकांच्या पूर्णांकात बदलली जाई. अशा पूर्णांकात 32,767 पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जुन्या अग्निबाणाच्या मार्गावर ती राशी या मर्यादेत राही. नव्याचा मार्ग निराळा असल्यामुळे ती ओलांडली गेली. मुख्य व राखीव अशा दोन्ही यंत्रणा बंद पडल्या, त्यांनी पाठविलेली दोषसूचक माहिती उड्डाणाची माहिती म्हणून वाचली गेली आणि सु. चाळीस सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. आज्ञावलीत एका उड्डाणमार्गाचे गृहीतक दडलेले होते, पण ते कोठेही तपासण्याजोग्या रूपात लिहिलेले नव्हते. चौकशी मंडळाचे अध्यक्ष झाक-लुई ल्याँस (1928–2001) हे नियंत्रण सिद्धांतातीलच थोर गणितज्ञ होते, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे.

संकरित प्रणाली : ज्या प्रणालीत भौतिक राशी संततपणे बदलतात आणि तर्कनिर्णय मात्र तुटकपणे घेतले जातात, तिला संकरित प्रणाली म्हणतात. 1990 नंतर हीच दोन्ही परंपरांची मीलनभूमी ठरली. राजीव अलूर व डेव्हिड डिल यांनी घड्याळे जोडलेल्या स्वयंयंत्रांचा सिद्धांत मांडला (1990, विस्तृत रूपात 1994). त्यांच्यासाठी नियंत्रक काढण्याची रीत ओडेड मालेर (1957–2018), प्नुएली व जोसेफ सिफाकिस यांनी 1995 मध्ये दिली. त्याच वर्षी टॉमस हेंट्सिंगर, पीटर कोपके, अनुज पुरी व प्रवीण वरैया (1940–2022) यांनी संकरित स्वयंयंत्रांचे कोणते वर्ग निर्णेय आहेत आणि कोठे ती सीमा संपते, हे दाखविले. वरैया हे मूळचे मुंबईचे असून तेथील व्ही. जे. तंत्रसंस्थेत त्यांचे पदवीचे शिक्षण झाले. बर्कली येथील त्यांच्या व सहकाऱ्यांच्या स्वयंचलित महामार्गविषयक कार्यात संकरित नियंत्रणाचा प्रत्यक्ष वापर झाला. ऑगस्ट 1997 मध्ये सॅन डिएगोजवळ आठ मोटारगाड्यांचा ताफा चालकाच्या नियंत्रणावाचून चालवून दाखविण्यात आला.

संततातून विविक्ताकडे जाण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्यात खेळ मूळ अवकाशातच खेळला जातो. रूफस आयझॅक्स (1914–81) यांचा अवकल खेळांचा सिद्धांत विमानांच्या टक्कर-प्रतिबंधासारख्या प्रश्नांना लावण्याचे काम क्लेअर टॉमलिन, जॉन लिगेरोस व शंकर शास्त्री यांनी केले (2000). दुसऱ्या मार्गात संतत अवकाशाचे सांत तुकडे पाडून मूळ प्रणालीशी वर्तनाने जुळणारे सांत स्वयंयंत्र बनविले जाते, त्याच्यावर तर्कशास्त्रीय संश्लेषण केले जाते आणि मिळालेला नियंत्रक पुन्हा मूळ प्रणालीवर उतरविला जातो. पाउलो ताबुआदा व जॉर्ज पापास यांनी 2006 मध्ये रेषीय प्रणालींसाठी आणि आंत्वान झिरार व पापास यांनी 2007 मध्ये अंदाजी समतुल्यतेच्या साहाय्याने याचा पाया घातला.

कार्यपद्धती : समपार फाटकाच्या उदाहरणाने या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट होईल. फाटकापासून 1,000 मी. अंतरावर गाडीची चाहूल देणारे उपकरण आहे, गाडीचा कमाल वेग सेकंदास 25 मी. आहे आणि फाटक पूर्ण बंद होण्यास 15 सेकंद लागतात, असे समजू. ‘गाडी रस्त्यावर व फाटक उघडे’ ही अनिष्ट अवस्था होय. संश्लेषणाची सुरुवात येथून मागे मागे जाऊन केली जाते. ज्या अवस्थांतून परिस्थिती नियंत्रकाला अनिष्टात ढकलू शकते, त्या सर्व वर्ज्य ठरविल्या जातात. मग त्यांच्यात ढकलणाऱ्याही वर्ज्य होतात. नवी भर पडेनाशी झाली, की क्रिया थांबते. येथे गाडीला पोहोचण्यास किमान 40 सेकंद लागत असल्यामुळे चाहूल लागल्यापासून 25 सेकंदांच्या आत फाटकाला आज्ञा देणारा कोणताही नियंत्रक सुरक्षित ठरतो.

आता उपकरण 500 मी. अंतरावर आणि गाडीचा वेग सेकंदास 50 मी. मानला, तर हाती 10 सेकंदच राहतात व प्रारंभिक अवस्थाच वर्ज्य ठरते. अशा वेळी आज्ञावली कितीही कुशलतेने लिहिली, तरी अपघात टळेलच अशी खात्री देता येत नाही. उपकरण दूर हलविणे किंवा वेगावर मर्यादा घालणे हाच उपाय. असा नकार मिळणे हाही संश्लेषणाचा मोठा लाभ आहे. शिवाय केवळ सुरक्षितता मागितली, तर फाटक कायम बंद ठेवणारा नियंत्रकही अपेक्षा पुरी करतो. म्हणून ‘फाटक पुनःपुन्हा उघडावे’ अशी प्रगतीची अटही घालावी लागते. ती पाळता यावी यासाठी गाड्या एकीमागून एक अखंड येणार नाहीत, हे गृहीतक स्पष्टपणे नोंदवावे लागते. ही गृहीतके लिहिली जाणे हेच दोन परंपरांच्या मीलनाचे मुख्य फलित म्हणता येईल.

उपयोग : संगणकातील घटकांना जोडणाऱ्या सामायिक मार्गाचे नियमन करणारे मंडल 2007 मध्ये केवळ अपेक्षांच्या यादीवरून तयार करून दाखविण्यात आले. यंत्रमानवाला कालिक तर्कशास्त्रात काम सांगून त्याचा मार्ग व हालचाली आपोआप ठरविण्याचे प्रयोग 2005 पासून झाले. नेदरलँड्समध्ये जलमार्गांवरील लॉक-दरवाजांच्या नियंत्रणासाठी पर्यवेक्षी संश्लेषणाचा अभ्यास झाला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अवधिकलन या कालिक तर्कशास्त्रावर आधारित अशी पडताळणीची व संश्लेषणाची साधने विकसित झाली आहेत. संश्लेषणाच्या आज्ञावलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा 2014 पासून भरविली जाते.

मर्यादा : पहिली मर्यादा आकारमानाची आहे. प्रत्येक राशीचे दहाच तुकडे केले, तरी सहा राशींच्या प्रणालीत दहा लाख व बारा राशींच्या प्रणालीत एक लाख कोटी कोष्ठे होतात. बेलमन यांनी याला ‘मितींचा शाप’ म्हटले होते. अनेक नियंत्रकांना अपुरी माहिती वाटून दिलेली असेल, तर प्रश्न सर्वसाधारणपणे अनिर्णेय होतो, हे प्नुएली व रोझ्नर यांनी 1990 मध्ये दाखविले. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. संश्लेषित नियंत्रक लिहिलेल्या अपेक्षेशी प्रामाणिक असतो, मनातल्या अपेक्षेशी नव्हे. अपेक्षेत राहिलेली उणीव तो निष्ठेने अमलात आणतो. प्रतिमानात नसलेल्या घर्षणाविषयी किंवा विलंबाविषयी त्याची सिद्धता काहीच सांगत नाही. या बाबतीत अनिश्चिततेचे मोजमाप करण्याची नियंत्रण अभियांत्रिकीची सवय संगणक विज्ञानाला उपकारक ठरली आहे, तर अपेक्षा निःसंदिग्ध भाषेत लिहिण्याची संगणक विज्ञानाची शिस्त नियंत्रण अभियांत्रिकीला.

अनुभवातून स्वतः शिकणाऱ्या आज्ञावलींचा नियंत्रणात वापर होऊ लागल्यापासून या विषयाला नवे कार्यक्षेत्र मिळाले आहे. अशा आज्ञावलीची अंतर्गत रचना तपासणे दुष्कर असते. म्हणून तिच्या प्रत्येक आज्ञेवर देखरेख करणारे आणि वर्ज्य अवस्थेकडे नेणारी आज्ञा तेवढी बदलणारे संश्लेषित ‘कवच’ तिच्याभोवती बसविण्याची पद्धती 2015 नंतर पुढे आली. कमीत कमी हस्तक्षेप करणारे हे कवच म्हणजे वॉनम व रॅमेज यांच्या पर्यवेक्षकाचेच नवे रूप होय. ते काढण्याची रीत ब्यूखी व लँडवेबर यांच्या खेळांची आहे आणि ज्या अवकाशात ते काम करते तो कालमान यांचा आहे.